पालखीची चाल आणि डावा खांदा

श्रीवैद्यनाथाच्या चरणी मस्तक ठेवून आणि चराचरात भरून राहिलेल्या नादाला वंदन करून हे लिहावयास बसलो आहे. निमित्त घरचेच आहे. उद्या माझ्या नातीला गाणे शिकण्यासाठी प्रथमच गुरूंकडे पाठवायचे आहे. सूनबाईंनी काल विचारले, "मामंजी, शिकवणारे फार कडक आहेत म्हणतात. पाठवू ना?" त्या प्रश्नाचे उत्तर येथे लिहून देतो.

गोष्ट निजामी अमलातली. आमचे गाव परळीपासून पायी एका दिवसाच्या अंतरावर. आम्ही महादेवाचे गुरव. घरोघरी बेल पोचवणे आणि देवापुढे वाजवणे ही आमची सेवा. वडिलांनी मला आधी परळीच्या एका शास्त्रीबुवांकडे संस्कृत शिकण्यास ठेवले आणि तेथून परतल्यावर गावातील वृद्ध सनईवादकांच्या स्वाधीन केले. या गुरुजींचा एक दंडक होता. शिक्षण पुरे होत आले की शिष्याने पालखीसाठी एक नवी चाल बांधावयाची. ती त्यांच्या पसंतीस उतरली, तर त्या वर्षीच्या शिवरात्रीला देवापुढे मुख्य सनई त्या शिष्याच्या हाती. मला आयुष्यात दुसरे काहीही नको होते.

ताफा चौघांचा. एक मुख्य सनई, दुसरी केवळ सूर धरून राहणारी, एक चौघडा आणि एक झांज. मी चाल बांधली ती संस्कृत वृत्तांच्या घाटणीवर. लघुगुरूंचा क्रम स्वरांत उतरवला आणि चरणात जेथे यती, म्हणजे विराम, येतो, तेथे सनई क्षणभर थांबवली. मला ती रचना फार शोभिवंत वाटली. मी ती वाजवून दाखवली.

"मधीच कावून थांबला बे?" गुरुजींनी विचारले.

"गुरुजी, तिथं यती हाय."

"यती? आन् त्यो गोसावी माझ्या पालखीपुढं कावून उभा ऱ्हायला?"

गुरुजींचा भाचा सूर धरीत असे. तो इतका हसला की त्याच्या तोंडातून सनई सुटली. काय बदलावे, हे गुरुजींनी सांगितले नाही. त्यांनी रिकामी पालखी बाहेर काढविली, तीत जात्याच्या जड दगडी तळ्या ठेवविल्या आणि भोयांबरोबर पुढच्या दांडीखाली, डावा खांदा लावून, मला उभे केले. मग माझीच चाल स्वतः वाजवीत ते पुढे निघाले.

मंदिरापासून बारवेपर्यंत उतरत्या पायऱ्या आहेत. भोई वाद्याच्या ठेक्यावर पाऊल टाकतात. माझा यती आला आणि सर्वांची पावले अधांतरी राहिली. मागचा सगळा भार घसरून माझ्या खांद्यावर आला. मी गुडघ्यावर पडलो.

"उठ," गुरुजी म्हणाले. "अजून दोन गोसावी बाकी हायेत."

मी चाल सुधारली. थांबण्याच्या जागी लांब स्वर घातला, तर भोई पुढे ओढले गेले. लांब स्वराचे तुकडे केले, तर वळणावर पालखी झुलली. प्रत्येक दुरुस्तीची परीक्षा त्याच पायऱ्यांवर, त्याच दांडीखाली होई. खांद्याचे कातडे निघाले, त्यावर हळद बांधली, ती हळद दांडीला चिकटून येऊ लागली. चौघडा वाजवणारे चाचा एकदा न राहवून म्हणाले, "उस्ताद, बस करा. पोराचा खांदा सोलून निघाला."

"कातडं पुन्हा येतंय, चाचा. देव हिंदकळला तर लोकं मला इचारत्याल."

अखेर गुरुजींनी तळ्यांवर पाण्याने काठोकाठ भरलेला तांब्या ठेवविला. आम्ही बारवेपर्यंत उतरलो. थेंबही सांडला नाही. गुरुजींनी सनई पुसली व ते म्हणाले, "झाली."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्नान करून सनई घेतली. डाव्या हाताची बोटे भोकांवर पडत होती. पण भोक झाकले गेले की नाही, हे बोटांना कळत नव्हते. स्वर गळत होता. हात खांद्यापासून बधिर झाला होता. हाडवैद्याने दाबून पाहिले आणि हात निदान उन्हाळाभर जपावयास सांगितले. शिवरात्र तोंडावर आली होती.

मी गुरुजींचे पाय धरले. "पुढच्या वर्षी तरी मला वाजवू द्या."

"पुढल्या वर्षी दुसऱ्याची चाल." त्यांनी सनई भाच्यापुढे केली. "तू रोज ऐकतोयस. वाजव."

भाचा मान खाली घालून म्हणाला, "मामा, चाल त्याची हाय."

"चाल देवाची हाय. आन् तू," ते माझ्याकडे वळले, "रडतू कावून? उजवा खांदा हाय की. चाल तुझ्याइतकी कुनाला ठावं न्हाई. दांडी धर."

शिवरात्रीला मी दांडी धरली. पालखी पायऱ्या उतरली ती पाण्यावर दिवा सोडावा तशी. देव तसूभरही हलला नाही. तहसीलदार साहेबांनी गुरुजींना शेला दिला. भाच्याच्या गळ्यात हार पडले. माझ्या डाव्या हाताची दोन बोटे पुढे कधीच शहाणी झाली नाहीत आणि मी मुलांना संस्कृत शिकवून जन्म काढला.

पुष्कळांनी मला सांगितले की ती गुरुकृपाच होती. चाल निर्दोष झाली ना? झाली, हे खरे. गुरुजींच्या स्मृतीला मी आजही रोज फूल वाहतो, कारण विद्या त्यांची होती. परंतु पायऱ्यांवर थांबू नये, एवढे त्यांना पहिल्याच दिवशी तोंडाने सांगता आले असते. मला ते एका वाक्यात कळले असते. त्यांना ते सांगावयाचे नव्हते. मला वाकलेला पाहावयाचे होते. याला कृपा म्हणावयास माझी जीभ वळत नाही.

म्हणून सूनबाई, नातीला अवश्य पाठवा. पण पहिले काही दिवस तुम्ही दाराशी बसून ऐका. आणि हे वाचणाऱ्या सज्जनांनो, वैद्यनाथ तुमचे व तुमच्या घरादाराचे कल्याण करो. तुमच्या लेकराबाळांना विद्या मिळो, विद्येबरोबर दया असलेला गुरू मिळो, आणि शिकून घरी येताना त्यांचे हात धडधाकट असोत.