आईला मिळालेला स्कॉटिश शब्द

आई पहिल्यांदाच अमेरिकेत यायची होती, तीही एकटी. आमच्या नेपरव्हिल गावात सगळ्या भारतीयांच्या आया विमानतळावरून व्हीलचेअरवर बसूनच बाहेर येतात. चालता येत नाही म्हणून नव्हे. खुर्ची ढकलणारा माणूस इमिग्रेशनमधून पार करून देतो, इंग्रजीची कटकट राहत नाही, म्हणून. मीही बुक केली. आईनं फोनवरच झाडलं, "मले कायले पाह्यजे खुर्ची? माये पाय धड हायेत."

"अगं, मधे विमान बदलायचंय. चुकलीस तर?"

"चुकली तर इचारीन."

मी चिडून फोन ठेवला आणि ड्राइव्हवेवरचा बर्फ काढायला गेले. शेजारच्या अमेरिकन आजीही फावडं घेऊन बाहेर आल्या होत्या. ऐंशी उलटली तरी स्वतःचा बर्फ दुसऱ्याला काढू देत नाहीत. त्यांना सगळं सांगितलं तर हसून म्हणाल्या, "तुझी आई थ्रॉन आहे."

हा शब्द त्यांच्या आजीनं स्कॉटलंडहून आणलेला. 'थ्रॉ' म्हणजे पिळणं. पिळवटलेल्या, वेड्यावाकड्या झाडाला थ्रॉन म्हणत, आणि मग ढकलाल तिकडे न जाणाऱ्या माणसालाही. "आमच्या घरात ही शिवी होती," आजी म्हणाल्या. "मला रोज मिळायची." हे सांगताना त्यांची मान ताठ होती.

अमक्याचा पीळ काही जात नाही, असं आपण म्हणतो ना, तोच हा पीळ. आईला तो जन्मभर ऐकवला गेला. पोरीला इंजिनिअरिंगला पाठवू नकोस म्हणून सगळे नातेवाईक हात धुऊन तिच्या मागे लागले होते. ती हलली नाही, म्हणून मी इथे आहे.

तरी विमानतळावर माझा जीव टांगणीला लागला होता. एकेक व्हीलचेअर बाहेर येत होती आणि आई दिसेना. शेवटी आली. पांढरी साडी, पायात स्पोर्ट शूज, स्वतःची ट्रॉली स्वतः ढकलत.

"इमिग्रेशनला काय केलंस?"

"त्यानं इचारलं, कोनाकडे? मी म्हटलं, डॉटर. इंजिनियर."

माझी छाती फुगली.

घरी आल्यावर आजींनी तो शब्द आईला समोरासमोर बहाल केला. मी अर्थ सांगितला. आईला तो फारच आवडला.

आई परत जाताना विमानतळावर काउंटरवरच्या मुलीनं आईच्या पांढऱ्या केसांकडे पाहून मला विचारलं, "व्हीलचेअर?"

मी तोंड उघडायच्या आत आई म्हणाली, "नो. थ्रॉन."

मुलगी माझ्याकडे बघत राहिली. आई पर्स खांद्याला लावून केव्हाच चालू लागली होती.