कोलमच्या मधोमध पट्टी

हरिता चालता चालता मध्येच थांबते. बाजारात आईच्या मागून येताना एखाद्या वेल्डिंगवाल्याच्या ठिणग्यांकडे, नाहीतर तारेवरच्या खंड्याकडे बघत ती उभी राहते. आपण मघापासून एकट्याच बोलतो आहोत, हे आईला दोन दुकानं पुढे गेल्यावर कळतं. "ही इंजिनिअर व्हायची म्हणे," वडील म्हणत. "पूल बांधायला जाईल आणि नदी बघत बसेल."

तरी ती इंजिनिअर व्हायला निघाली होती खरी. शेवटच्या वर्षी पालिकेच्या अभियंता विभागात तिला इंटर्न म्हणून घेतलं. विशालाक्षी मॅडमनी गळ्यात ओळखपत्र अडकवलं आणि तिच्याकडे अनिरुद्धराव संदूचं काम दिलं. संदू म्हणजे तमिळमध्ये बोळ. मोठ्या देवळापासून फार लांब नाही. दोन्ही बाजूंना ओट्यांची घरं, त्यातली निम्मी अजून मराठी बोलणारी. पावसाचं पाणी वाहून जायला तिथे घरांच्या दारापुढून नवं गटार खणायचं होतं. त्याआधी जमिनीचा उतार कुठून कुठे आहे, ते मोजायचं. ही मोजणी हरिताची.

मोजणीचं यंत्र जुनं होतं. तिवईवर बसवलेली पितळी दुर्बीण, आणि तिच्यातून सगळं उलटं दिसायचं. पहिल्या सकाळी हरिताने तिला डोळा लावला आणि ती नेहमीसारखी थांबली. घरं आभाळातून खाली लोंबत होती. आकडे रंगवलेली उंच पट्टी धरून उभे राहिलेले रघोजीमामा वटवाघळासारखे टांगलेले होते. मार्गळीचा ऐन थंडीचा महिना होता, धुकं होतं, आणि पहाटे बायकांनी दारादारांत काढलेले कोलम, म्हणजे रांगोळ्या, वर आभाळात नक्षत्रांसारखे पसरले होते.

"आकडा दिसाला का, का झोप लागली?" रघोजीमामांनी लांबून विचारलं. पालिकेत पट्टी धरून त्यांचे केस पांढरे झाले होते, आणि असे बरेच इंटर्न त्यांनी पाहिले होते.

"दिसतो मामा. जरा इकडे घ्या. कोलमवर नको."

"कोलमवर कोण ठेवतो गे? मला घरी बायको आहे."

असं ते दारोदार गेले. दारापुढे कोलम आला की मामा आपोआप बोळाच्या मधे सरकत, आणि हरिताही तिथलाच आकडा लिहून घेई. दोघांच्याही मनात दुसरं काही आलंच नाही. कोलमवर पाय द्यायचा नाही, हे दोघांनाही चालायला लागायच्या आधीपासून ठाऊक होतं. आकड्यांवरून उतार पश्चिमेकडे निघाला. हरिताने नकाशावर बाण काढला आणि पूर्वेच्या टोकाला गटार उथळ धरलं.

त्या टोकाला वेंकूबाईंचं घर. नवरा गेल्यापासून त्या एकट्याच राहत, आणि हरिता दिसली की तिला कॉफी दिल्याशिवाय सोडत नसत. मागच्या कार्तिकात, तिथल्या ऐन पावसाळ्यात, पाणी त्यांच्या स्वयंपाकघरात शिरलं होतं. तांदळाचा डबा होडीसारखा देव्हाऱ्यापर्यंत गेला होता. ती गोष्ट त्या हसत सांगत, पण हल्ली त्यांचे डबे फळीवर असत आणि अंथरूण बाकावर.

नकाशा झाल्यावर हरिता कॉफीला गेली तेव्हा वेंकूबाई दार धूत होत्या. त्यांनी बादली ओतली. हरिता थांबली. नकाशाप्रमाणे ते पाणी पश्चिमेला जायला हवं होतं. ते जरा रेंगाळलं, कडेकडेने आलं आणि वेंकूबाईंच्या पायरीलाच येऊन टेकलं.

"अक्का, परत एकदा ओता."

"काय गे, पाणी कधी बघितलं नाहीस?"

त्यांनी परत ओतलं. पाणी परत पायरीशी आलं.

तेव्हा हरिताने मान वर करून बोळाकडे पाहिलं. बोळाच्या मधे वर्षानुवर्षं डांबराचे थर चढले होते, पूर्वेला सगळ्यात जाड. आपण मोजलं ते डांबर. दारापुढची जमीन मोजलीच नाही. गटार असंच खणलं गेलं तर साऱ्या बोळाचं पाणी ह्या पायरीशी येऊन तुंबेल, आणि पुढच्या कार्तिकात वेंकूबाईंचं अंथरूण बाकावर ठेवूनही भिजेल.

ऑफिसात तिने विशालाक्षी मॅडमना सगळं सांगितलं. मॅडमनी चष्मा काढून पुसला.

"कोलम चुकवत मोजलंस?"

"हो मॅडम."

"मीही तेच केलं असतं," मॅडम म्हणाल्या. "पण पाण्याला त्याचं काय? उद्या सकाळी यंत्र ने. परवा नकाशे ठेकेदाराकडे जातात, मग माझ्या हातात काही नाही."

म्हणजे एकच सकाळ. दिवस वर आला की बोळात फुलांच्या टोपल्या आणि दुचाक्या दारापुढे लागत. दुर्बिणीपुढे वीतभर जमीन मोकळी राहत नसे. आणि आकडा वाचण्याइतकं उजाडेपर्यंत दारादारांत कोलम काढून झालेले असत.

संध्याकाळी ती वेंकूबाईंच्या ओट्यावर गेली. शेजारची भामा आणि आणखी दोघीतिघी तिथे मटार सोलत होत्या.

"उद्या एक दिवस कोलम नाही काढला तर?" हरिताने विचारलं.

सोलणारे हात थांबले.

"मार्गळीत दार कोरं?" भामा म्हणाली. "लोक चपला काढून विचारायला येतील, कोण गेलं म्हणून."

"माझ्याच दारी येतील आधी," वेंकूबाई म्हणाल्या. "वयानं माझाच नंबर."

सगळ्या हसल्या. हरिता हसली नाही. तिने बादलीचं पाणी कुठे गेलं ते सांगितलं, आपण काय चुकलो तेही सांगितलं. मग ती हळूच म्हणाली, "कोलमच्या मधे तुम्ही शेणाच्या गोळ्यावर भोपळ्याचं फूल ठेवता ना? ते फूल उद्या जरा उशिरा ठेवाल? त्या जागेवर पट्टी उभी करते."

"आणि पट्टी घेऊन तिथवर जाणार कोण? तो रघोजी? त्याचे पाय बघितलेस?"

"नाही. जिचा कोलम तिनं धरायची."

वेंकूबाईंनी एक शेंग सोलली, दाणे ताटात टाकले. "शाळेत मला झेंडाही धरू दिला नव्हता," त्या म्हणाल्या. "धरू की."

दुसऱ्या दिवशी धुकं इतकं होतं की देवळातल्या भोंग्याचं गाणंही ओलं वाटत होतं. हरिताने तिवई लावली. रघोजीमामा पट्टी घेऊन पहिल्या दारी गेले आणि ती त्यांनी भामाच्या हाती दिली.

"सरळ धर अम्मा. नवऱ्याला धरतेस तशी नको, ढिली."

"तुमच्या बायकोला विचारते कशी धरायची ते," भामा म्हणाली, आणि निऱ्या जरा उचलून, आपल्याच रेघांमधून एकेक पाऊल टाकत कोलमच्या मधे जाऊन उभी राहिली. एकही रेघ पुसली नाही.

हरिताने डोळा लावला. उलट्या बोळात एक बाई पांढऱ्या वेलबुट्टीच्या आभाळाला पाय टेकून खाली लोंबत होती. पट्टी हातातून हातात गेली. कुणी नुकती न्हालेली, केसांना पंचा गुंडाळलेली. कुणी कडेवर मूल घेऊन. प्रत्येकीला आपल्या कोलममधली वाट पायांनी माहीत होती. धुक्यात रंगीत पट्टी तेवढी पुढे पुढे सरकत होती, आणि हरिताला वाटलं, हे आपण मोजत नाही आहोत, हे आपल्याला दिसतं आहे. तरी तिचा हात आकडे लिहीत राहिला. आकडा मोठा तितकी जमीन खोल. पूर्वेकडे जाता जाता आकडे मोठे होत गेले.

शेवटी वेंकूबाई. त्यांनी पट्टी दोन्ही हातांनी छातीशी धरली आणि श्वास रोखला.

"अक्का, श्वास घ्या. फोटो नाही हा."

आकडा सगळ्यात मोठा होता.

मॅडमनी त्याच दुपारी बाण पूर्वेकडे वळवला. गटार आता वेंकूबाईंच्या दारापुढे सगळ्यात खोल होणार होतं आणि तिथून मोठ्या रस्त्याच्या नाल्याला मिळणार होतं. फक्त त्यांची जुनी दगडी पायरी त्याच्या वाटेत येत होती. हे सांगायला हरिता स्वतःच गेली.

"पायरी फोडावी लागेल, अक्का."

वेंकूबाईंनी पायरीकडे पाहिलं. लग्न होऊन ह्याच पायरीवरून त्या घरात आल्या होत्या. "पाणी जाईल ना पण?"

"जाईल."

"कुठे जाईल?"

हरिताने सांगितलं. नाल्यातून कालव्याला, कालव्यातून शेतांना, भाताखालून पुढच्या कालव्याला, आणि उरलं सुरलं समुद्राला.

"म्हणजे मी रोज सकाळी समुद्रात बादली ओतायची," वेंकूबाई म्हणाल्या. "इतकी वर्षं कुणी सांगितलं नाही गे."

मग आत जाऊन त्यांनी बाकावरची वळकटी उचलली आणि जमिनीवर पसरून पाहिली.