वरून पडणारं पाणी

दारातूनच गार पाणी देणारा फ्रीज भैंसा गावात पहिल्यांदा कुणाच्या घरी आला, यावर गल्लीत वाद होता. नागनाथ मास्तरांच्या मते वाद नव्हताच. वेगळ्या तेलंगणासाठी संप चालू असल्यानं शाळा बंद होती, त्यामुळे नळकाम करणारा चंपत सिंकखाली शिरला तेव्हा मास्तर त्याच्या उशाशीच उभे. चंपतनं नळाच्या पाइपाला जोड बसवला, छोटा कॉक लावला आणि करंगळीएवढी पांढरी नळी भिंतीच्या कडेनं नेऊन फ्रीजच्या पाठीत खोचली. सुरुवातीचं पाणी बादलीत सोडून दिलं.

मास्तरांची हौस एकच, पहिला गिलास मायनं प्यावा. दुसऱ्यांच्या रानात कापूस वेचून द्वारकाबाईंनी या लेकाला शिकवलं होतं. ते मास्तरांनी कधी लपवलं नाही, उलट चारचौघांत छाती काढून सांगितलं.

"मी नाई पेत," द्वारकाबाई म्हणाल्या आणि माठाकडं वळल्या.

"काऊन वं माय?"

"वरून पडते थे."

मास्तरांचं तोंड एवढंसं झालं. इतक्यात तहानलेल्या चंपतनं ओंजळीनंच फ्रीजच्या दारातली कळ दाबली आणि तो धारेखाली वाकला. हात मळलेले, गिलास कशाला खराब करायचा, एवढंच त्याच्या मनात. पण ती ओंजळ बघून द्वारकाबाई जागच्या जागी थांबल्या.

"ऊठ बापू," त्या म्हणाल्या. "मालकाच्या हिरीवर आमी असेच वाकून राहो. मालकीन वरून तांब्यानं वते. तिच्या मनात आलं का धार बंद. तहान रायली तरी हात तसेच."

मास्तरांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. त्यांना फ्रीजची लाज वाटली, आणि मायचा अभिमान दाटून आला.

द्वारकाबाई मात्र आता त्या नळीकडं निरखून बघत होत्या. "हे पानी कोन बंद करते?"

चंपतनं कॉक दाखवला. त्या गुडघ्यावर हात टेकून खाली बसल्या आणि स्वतःच्या हातानं कॉक फिरवला.

"दाब रे नागू."

मास्तरांनी गिलासानं कळ दाबली. जरा ठिबकलं आणि थांबलं. द्वारकाबाईंनी कॉक उघडला, धार सुरू झाली. पुन्हा बंद, पुन्हा चालू. नवं खेळणं मिळाल्यासारखं चाललं होतं, आणि कुणी त्यांना अडवलं नाही.

मग त्या उठल्या. गिलास लावला, काठोकाठ भरला आणि मान ताठ ठेवून घटाघट प्यायल्या. पदरानं तोंड पुसलं. दुसरा गिलास भरून चंपतपुढं धरला.

"माह्ये हात मळके हायत, आजी."

"असू दे. खुर्चीवर बसून पे. ह्या घरात कोनी ओंजळीनं पेत नाई."

चंपतनं दोन्ही हातांनी गिलास घेतला.