न लंगडता चालायची सवय

गोळा फेकायच्या आधी पाय तपासतात, हे मला इथं येईपर्यंत माहीत नव्हतं. दवाखान्याचं अपंगाचं प्रमाणपत्र पिशवीत आहे म्हणजे झालं, असं मी धरून चालले होते. ताईनं सांगितलं, तसं नसतंय.

ताई म्हणजे उस्मानपुऱ्यात माझ्या खोलीत राहणारी. कडबा कापायच्या मशीनमध्ये तिचा उजवा हात कोपरापासून गेला, आणि ती शंभर मीटर पळते. तिच्या लहानपणी अपंगांचे खेळ म्हणजे वर्षातून एक दिवस मंडप. हात नसलेले, पाय नसलेले, डोळ्यांनी न दिसणारे, सगळे एकाच लिंबू-चमच्यात, आणि शेवटी सगळ्यांना स्टीलचा डबा. आता तसं राहिलं नाही. आता गट असतात. कुणाचं काय गेलंय ते बघून सारख्याला सारखा उभा करतात. त्यासाठी तपासणी. ताईला तिची काही फिकीर नव्हती. "मला दारातूनच पास करतेत," ती म्हणायची. "तुझं लपलेलं हाय, तुलाच बघावं लागंल."

माझं लपलेलं होतं ते आईमुळं. मी किनवटकडची. लहानपणी तापात सुई दिली, ती नसेला लागली आणि डावा पाय लुळा पडला. गुडघ्याखाली पोटरी वाळली, पाऊल लोंबतं. तेव्हा आईनं मला दुसऱ्यांदा चालायला शिकवलं. अंगणात ती पुढं, मी मागं. पाय कंबरेतून उचलायचा, पाऊल घासू द्यायचं नाही, सलवार घोळदार घालायची, पाहुणे यायच्या आधीच बसून घ्यायचं. इतकं शिकले की शाळेतल्या कित्येक पोरींना माझ्या पायाचं कळलंच नाही. शाळा आठवीनंतर सुटली. ते चालणं तेवढं अंगात राहिलं.

पुढं शेंद्र्याच्या कंपनीत बसून करायचं पॅकिंगचं काम मिळालं, म्हणून इतक्या लांब आले. ताईच मला मैदानावर घेऊन गेली. तिथं शिकवणाऱ्या सरांनी हातात गोळा दिला, मी फेकला, तो कुठं पडला ते बघून सर नुसतं उद्या ये म्हणाले. त्या दोघांचे उपकार मी कुठं फेडणार, माहीत नाही. गावात मी घरात बसवलेली पोरगी होते. इथं मला कुणीतरी उद्या ये म्हणत होतं.

म्हणूनच भीती होती. आदल्या वर्षी एका मुलाला तपासणीतून परत पाठवलं होतं. त्याच्या हाताची बोटं आखूड होती, पण नियमाला पुरेल इतकी नव्हती. तो पुन्हा मैदानावर दिसला नाही. माझंही तसंच झालं तर? धडधाकट पोरींत मला कोण उभं करणार, आणि हे अपंगांच्या खेळातले म्हणतील, तू आमच्यातली नाहीस.

तपासणीला हाफ पँट लागते म्हणाले. औरंगपुऱ्यात ताईबरोबर घ्यायला गेले तर दुकानदारानं विचारलं, भावाला पाहिजे का? मी व्हय म्हणाले. ताई बाहेर येईपर्यंत हसत होती.

तपासणी क्रीडा संकुलातल्या एका खोलीत होती. एक डॉक्टर मॅडम आणि एक खेळातले जाणकार. मॅडमनी टेबलावर झोपवून पाऊल हातात धरलं, वर ओढा म्हणाल्या, खाली दाबा म्हणाल्या. त्यांचे हात गार होते. मला इतकी धास्ती की कोणता पाय ओढायचा तेच सुधरेना. मग म्हणाल्या, आता त्या भिंतीपर्यंत चालून दाखवा.

दोन अनोळखी माणसं माझ्या पायाकडं टक लावून बघत होती. आणि मी चालले. पाहुण्यांसमोर चालायचे तशी चालले. कंबरेतून पाय उचलला, पाऊल घासू दिलं नाही, भिंतीपाशी वळलेसुद्धा नीट.

"बरंच चांगलं चालता की तुम्ही," मॅडम म्हणाल्या.

आणि मी लाजून हसले. थँक्यू म्हणाले.

ते दोघं एकमेकांकडं बघायला लागले तेव्हा कळलं मी काय करून बसले ते. मॅडम म्हणाल्या, उद्या स्पर्धेत फेकताना बघू, मग ठरवू.

बाहेर येऊन सरांना सगळं सांगितलं. ताईनं कपाळाला हात लावला. मी सरांना विचारलं, उद्या जरा जास्त लंगडून दाखवू का? सर पहिल्यांदाच चिडले.

"दाखवायचं काहीच नाय. खोटं लंगडलीस तर कायमची बाद करतेत. तू फक्त लपवू नको."

बोलायला सोपं होतं. दुसऱ्या दिवशी हाफ पँटमध्ये, एवढ्या माणसांत, मला समजेना की न लपवता चालतात कसं. मला ते कधी आलंच नव्हतं. पाय उचलला की वाटायचं लपवतेय, सोडला की वाटायचं नाटक करतेय. वाळलेली पोटरी उन्हात उघडी. मॅडम खुर्ची टाकून समोरच बसलेल्या. नाव पुकारलं. गोळा मानेशी धरला आणि पायाचा विचार सुटला, कारण गोळा जड असतो, तो दुसरा विचार करू देत नाही. आत जाताना पाऊल रिंगणाच्या कडेला अडकलं, मी पुढं कोलमडले, सावरले, फेकला. आई बघत असती तर तिनं डोळे मिटले असते.

मॅडमनी बाजूला बोलावलं. टाचेवर उभ्या राहा म्हणाल्या, ते जमलं नाही. पुन्हा पाऊल दाबून बघितलं, जाणकारांशी हळू बोलल्या. मग म्हणाल्या, तुम्ही या गटात बसता. ही नस आता काही परत येणार नाही, त्यामुळं दरवर्षी तपासायचीही गरज नाही. मी त्यांचे पाय धरायला वाकले, त्यांनी खांद्याला धरून उठवलं. ताई एका हातानं माझी पाठ बडवत होती. मी रडत होते, आणि आनंदानंच रडत होते.

तिथूनच आईला फोन लावला. मॅडम जे बोलल्या ते सगळं, शब्द न गाळता, एका दमात सांगितलं. मला वाटलं, ती शेजारणीला हाक मारून सांगेल.

पलीकडं कोंबड्यांचा कलकलाट चालला होता. मग आई म्हणाली,

"म्हंजे पाय आता बरा व्हणार नाय, असं म्हणल्या का त्या बाई?"

मी फोन कानाला धरून उभी राहिले. पाठीमागं सर मला पुढच्या फेकीसाठी बोलवत होते.