पिस्तुलावरचा ओरखडा

निवडणूक लागली की परवानाधारकांना आपली हत्यारं पोलीस ठाण्यात जमा करावी लागतात. आमच्या धाराशिव जिल्ह्यातल्या एका ठाण्यात ती उतरवून घ्यायचं काम बरीच वर्षं माझ्याकडं होतं. बहुतेक लोक बंदूक टेबलावर ठेवून सही करायचे आणि निघायचे. एक अप्पा मात्र तासभर बसायचे.

ते धान्याचे आडते. दुकानावर दरोडा पडला, त्यात त्यांच्या धाकट्या भावाचा डोळा गेला. त्यानंतर त्यांनी हे पिस्तूल घेतलं. वरचा भाग पोलादी, खालचा सांगाडा आणि मूठ काळ्या पॉलिमरची, म्हणजे टणक प्लास्टिकची. येताना ते भिंग आणायचे.

"लिहा बाई, मुठीवर साच्याची बारीक रेघ. डाव्या अंगाला तांदळाएवढा पांढुरका डाग. हे कारखान्यातूनच आलंय, माझ्या हातचं न्हाय."

"अप्पा, त्यानं गोळी उडायची राहते का?"

"न्हाय. पण आपली वस्तू आपल्याला पुरती ठावी पाहिजे."

मी वैतागून लिहायची.

एका निवडणुकीत कपाट आवरताना ते पिस्तूल माझ्या हातून निसटलं. रिकामंच होतं, शहाबादी फरशीवर आपटलं आणि सांगाड्याच्या पुढच्या कोपऱ्यावर बोटाच्या पेराएवढा ओरखडा उठला. बाकी काही बिघडलं नव्हतं. पण माझी बढती तोंडावर होती. नोंदवहीत त्यांच्या सहीच्या वर एक ओळ मोकळी दिसली. तिथं मी त्याच शाईनं लिहिलं : पुढच्या कोपऱ्यावर जुना ओरखडा.

निकाल लागल्यावर अप्पा न्यायला आले. अंगठा त्या कोपऱ्यावर थांबला.

"बाई, हे कवा झालं?"

"तुमचंच आहे, अप्पा. नोंद बघा."

त्यांनी भिंगातून ती ओळ वाचली, पुन्हा वाचली. मला वाटलं, आता भांडतील. पण त्यांचा चेहराच उतरला.

"माझी सही हाय. म्हंजे म्याच इसरलो," एवढंच म्हणाले आणि गेले.

पुढच्या निवडणुकीला पिस्तूल घेऊन त्यांचा मुलगा आला. परवानाच परत करायचा म्हणाला. "वडलांना आता काही ध्यानात राहत नाही. आधी थोडं थोडं विसरायचे, पण तो ओरखडा निघाला तेव्हापासून धास्तीच घेतली. कागदावर सही करणं सोडलं, दुकानात बसणं सोडलं. म्हणायचे, माझा माझ्यावर भरवसा राहिला न्हाय."

मी त्याला तिथंच खरं सांगितलं. त्यानं पिस्तूल टेबलावर माझ्याकडं सरकवलं. मग म्हणाला, "मला सांगून काय उपयोग? त्यांना सांगा."

त्या रविवारी त्यांच्या घरी गेले. अप्पा ओसरीवर खाटेवर बसले होते. त्यांनी मला ओळखलं नाही. मी त्यांच्या पायाशी बसून म्हणाले, "अप्पा, ते पिस्तूल माझ्या हातून पडलं होतं. तुम्ही काही विसरला नव्हतात. मी खोटं लिहिलं."

ते पुढं वाकले. मग मलाच धीर द्यावा तसा त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "रडू नगं, पोरी. माझ्याच हातून पडलं असंल."

मी पुन्हा सांगितलं. त्यांनी पुन्हा तेच म्हटलं. आतून सुनेनं चहा आणला. तो मी प्यायले नाही.

पुढं मी साहेबांना लेखी कबुली दिली. वेतनवाढ रोखली गेली, शिक्षा तेवढीच. वर्षाच्या आतच अप्पा गेल्याचं कळलं. मातीला जायचं माझं धाडस झालं नाही.