तांब्याच्या हंड्यातले पाहुणे

बिराप्पा मला आटपाडीच्या बाजारात भेटला, म्हणजे आधी ऐकू आला. तो एका बाईला कानात वांग्याचे गुण सांगत होता आणि त्या कुजबुजीनं बाजारातली शेरडं दावी तोडून सांगोल्याच्या वाटेला लागली होती. माणूस इतका उंच, की त्याच्याशी बोलायला मी गुळाच्या ढेपेवर चढलो. काही विचारायच्या आत त्यानं एक कच्चं वांगं माझ्या तोंडात कोंबलं. "चावा," म्हणाला. नाइलाजानं चावलं. कच्चं वांगंही गोड लागतं, हे मला पन्नाशीत कळलं.

ती वांगी त्यानं रानाच्या एका कोपऱ्यात जिवाणू खतावर पिकवली होती. पुडीतली काळी भुकटी गुळाच्या पाण्यात कालवायची आणि लावणीआधी रोपांची मुळं त्यात बुडवायची. त्याचा बाप लोकांच्या रानात खतासाठी मेंढरं बसवायचा. बिराप्पा म्हणे, मीबी तेच करतो, फक्त माझी मेंढरं डोळ्याला दिसत न्हाईत.

थोरल्या भावाला, अर्जुनाला, मात्र द्राक्षं लावायची होती. रान दोघांचं. शेवटी त्यानं घरच्यांसमोर सांगितलं, "बिऱ्या, एक हंगाम तुझा. सगळ्या रानात लाव वांगी. साधलं तर रान तुझ्याकडं. न्हाईतर मी मांडव घालणार."

कोपऱ्यासाठी पुडी प्लास्टिकच्या बादलीत कालवली होती. आता कळप मोठा, मान मोठा. बिराप्पानं बायकोच्या, सुलाबाईच्या, माहेरचा तांब्याचा हंडा चिंचेनं घासून घेतला. ती कुरकुरली, तर म्हणाला, "घरात पाव्हणं आल्यावर बादलीतनं पाणी देतो व्हय आपण?"

पाहुणे वाढावेत म्हणून गुळाचं पाणी त्यानं तसंच राहू दिलं. ते आंबलं. त्यावर हिरवट झाक आली.

"आवं, हे कळकलंय," सुलाबाई म्हणाली.

"येडी हायस. वाढल्यात ती."

रोपं लागली आणि तिथंच थांबली. पानं पिवळी, खोडं काडीसारखी. युरियाला हात लावायचा नाही, असं तो सगळ्यांदेखत बोलून बसला होता, म्हणून लावला नाही. सकाळपासून बांधावर बसून असायचा. त्याचं बोलणं ऐकायला मला जवळ सरकावं लागे. त्याची चेष्टा करायला म्हणून मी दोनदा गेलो आणि दोन्ही वेळा हवापाण्याचं बोलून परत आलो.

अर्जुनाची लेक अपेक्षा कराडला शेतीचं शिकते. सुट्टीला आली तेव्हा तिनं एक रोप उपटून मुळं पाहिली.

"तात्या, भिजत कशात घातलं होतं?"

"हंड्यात. तांब्याच्या."

तिनं रोप खाली ठेवलं. मग तिनं हळूहळू सांगितलं, की आंबलेल्या पाण्यात तांबं उतरतं, आणि तांब्यानं असले जीव मरतात. ते हंड्यातच मेले असणार.

बिराप्पानं वाफ्यांकडे पाहिलं. "म्हंजी मी मढी लावली."

अपेक्षानं बापाला सगळं समजावलं. खताचा दोष नाही, अजून एक हंगाम द्या, म्हणाली. अर्जुनानं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"चूक हंड्याची आसंल," तो म्हणाला. "हंगाम तर गेला न्हवं?"

रोपं बिराप्पानं स्वतःच उपटली.

दिवाळीआधी तिथं द्राक्षाचा मांडव उभा राहिला. फवारणीचं काम बिराप्पाकडं आहे.