मूठभर दाण्यांची जागा

मैंदर्गीची मल्लव्वा सोलापुरात मुलींच्या बोर्डिंगात ज्वारी दळायची. जात्याच्या पलीकडे बसायची तिची लेक दानम्मा. गळा म्हणाल तर लेकीचा, आईनं आपलं जातं ओढावं. गाणं अर्धं कानडी, अर्धं मराठी, आणि चाल दानम्मानं स्वतःच लावलेली.

बोर्डिंगात पियानो शिकवायला एक मडमबाई होत्या, हंगेरीच्या. त्यांच्या मुलखात म्हणे मोठमोठे संगीतकार खेडोपाडी हिंडले, हंगेरीच्या नि रुमानियाच्या शेतकरी बायकांची गाणी लिहून घेतली आणि पियानोवर बसवली. मडमबाईंनाही तोच नाद. एका सकाळी वही घेऊन त्या जात्यापाशी बसल्या आणि दानम्माचं गाणं उतरवून घेतलं. दानम्मा हसून हसून बेजार.

पुढच्याच उन्हाळ्यात पटकीच्या साथीत दानम्मा दोन दिवसांत गेली. मल्लव्वाचं काळीज फाटलं, दुसरं काय सांगायचं. त्यात आणखी एक, तिला चाल आठवेना. शब्द सगळे होते, चाल तेवढी गेली. बायका म्हणायच्या, "आठवंल की." कुठलं आठवतंय!

मडमबाई कायमच्या मायदेशी निघाल्या, त्या दिवशी मल्लव्वा पदर खोचून पियानोच्या खोलीत शिरली.

"बाई, माझ्या पोरीचं गाणं एकडाव वाजवा. मग जावा."

मडमबाईंनी वाजवलं. चाल तीच, पण कुठं न थांबता धावत सुटलेली. मल्लव्वाचं तोंड उतरलं.

"ही माझी पोर न्हाय."

"का?"

"जात्यात दाणे कवा टाकायचे? दर ओळीला ती थांबायची की. मूठ टाकायची, मग फुडं."

मडमबाईंनी वही पाहिली. मुलगी ओळ विसरते म्हणून थांबते, असं समजून त्यांनी ते थांबणं गाळून टाकलं होतं. त्या ओशाळल्या. "कुठं थांबायची, दाखवा."

मल्लव्वा शेजारी बसली. ओळ संपली की ती त्यांच्या मनगटावर हात ठेवी, मूठभर दाणे पडतील इतकाच वेळ, आणि मग सोडी. आता दानम्मा आली. मल्लव्वाच्या डोळ्यांना धार लागली, पण हात एकदाही चुकला नाही.

शेवटची ओळ उरली. मल्लव्वानं मनगट धरलं ते सोडेचना.

"मल्लव्वा, एकच ओळ राहिली," मडमबाई हळूच म्हणाल्या.

"ठावं हाय," ती म्हणाली. "म्हनून तर सोडत न्हाय."